कवेलूखालची कात

उन्हाळा सरताना आमच्या बपेरा गावातल्या घराचे कवेलू फेरायला, म्हणजे छपराची कौलं काढून पुन्हा नीट रचायला, दरवर्षी एकच माणूस येतो. छपरात सापाची कात सापडली की तो तिच्यावरची धूळ फुंकतो, हलकेच गुंडाळतो आणि आपल्या बिस्किटांच्या डब्यात ठेवतो. गेल्या वर्षी त्याने आमच्याच छपरातल्या तीन सालांच्या काती अंगणात ओळीने पसरल्या. प्रत्येक कात आधीच्यापेक्षा लांब होती.

"एकच आहे जी. दरसाल वाढून राहिला," तो कौतुकाने म्हणाला.

यंदा त्याने सगळं छप्पर चाचपलं, पण कात मिळाली नाही. माझा जीव भांड्यात पडला. तो मात्र शिडीवरून घरात डोकावत राहिला.

"खाली उतरला असन. झाडताना कात दिसली तं माह्यासाठी ठेवजा."

तेव्हापासून मी खाटेखाली झाडू घातलेला नाही.