हिरवे आकडे

बाजारातले दुकानदार त्यांना काटेमास्तर म्हणत. वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. ग्रॅमभर फरक राहिला तरी काटा परत द्यायचे नाहीत, आणि घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला असं काही सुनावायचे की तो पुन्हा तोंड उघडत नसे. अशा माणसाने स्वतःच्या बाबतीत मात्र हद्द केली.

मधुमेह निघाला तेव्हा दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलीने त्यांच्या फोनमध्ये तब्येतीच्या नोंदींचं ॲप टाकून दिलं. रोज सकाळी बोटाला सुई टोचायची आणि यंत्रावरचा आकडा आपल्या हाताने ॲपमध्ये भरायचा. ठीक असला तर हिरवा, वाढला तर लाल. तो तिकडे मुलीला दिसे, इकडे डॉक्टरांना. पहिल्याच महिन्यात तीनदा लाल झाला आणि तिन्ही वेळा पोरगी रजा टाकून धावत आली. तिसऱ्या खेपेला तिच्या साहेबाने, नोकरी करायची आहे की नाही, असं विचारलं. ते मास्तरांच्या कानावर आलं. पुढच्या आठवड्यात यंत्रावर दोनशे साठ आले. मास्तरांनी एकशे अठरा भरले.

आणि त्यातही कसब दाखवलं! रोज तोच आकडा दाखवणारा काटा बिघडलेला असतो, हे त्यांना कोण शिकवणार? एकशे अठरा, मग एकशे सव्वीस, मध्येच एकशे नऊ. मुलीकडून लगेच अंगठा यायचा. उद्यापासून गोड बंद, उद्यापासून चालायला जायचं, मग खराच आकडा भरू, असं ते रोज स्वतःला बजावत. डॉक्टर तर त्यांचा आलेख इतर पेशंटना दाखवायचे. "असा पेशंट शोधून सापडणार नाही," म्हणत त्यांनी लॅबमधली तपासणी थांबवली आणि गोळीही निम्मी केली. मास्तर मान डोलावून घरी आले. निदान तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

तीन वर्षांनी एका सकाळी दुकानात त्यांना काट्यावरच्या रेघा दिसेनात. आठवड्याभरात समोरचा माणूसही दिसेना.

मुलगी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "दोन्ही पडदे सुटलेत. आता ऑपरेशनचा उपयोग नाही. साखर इतकी वर्षं एवढी वाढलेली, कुणी बघितलं नाही?"

मुलगी उसळलीच. "बघितलं नाही कसं? मी रोज बघत होते! हे घ्या, एक दिवस चुकलेला नाही. पहिला महिना सोडला तर सगळे हिरवे आहेत." मग तिचा आवाज बारीक झाला. "मला यात काय दिसायला हवं होतं, डॉक्टर? माझं कुठे चुकलं?"

मास्तरांना ते ऐकवेना. "तुझं नाही गं," ते म्हणाले. "ते आकडे मी मनाचे भरले."

"कधीपासून, बाबा?"

"दुसऱ्या महिन्यापासून. तू सारखी धावत यायचीस म्हणून..."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मास्तरांनी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. ती अजून खोलीत आहे की नाही, तेही त्यांना कळत नव्हतं.