राईतली मेढ आणि आमची भाडेसमिती

समितीवर बसलेल्या माणसाच्या पदरात दुसरं काही पडो न पडो, किस्से मात्र पडतात. मी बसलो तो लढाईचा काळ होता. मुंबईतली माणसं घाबरून आमच्या भाईंदरकडे येत होती आणि मालक वाटेल तशी भाडी वाढवत होते. म्हणून पंचायतीने रास्त भाडं ठरवायला तिघांना नेमलं. अध्यक्ष आमचे गुरुजी, मोजमापाला उत्तनचे जॉन मिस्त्री आणि लिहायला मी. काय उत्साह होता आम्हाला! मी तर पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो.

* * *

पहिलीच तपासणी जुन्या भाईंदरात. मालक म्हणाले, "दोन खोल्या आहेत, मधे पार्टिशन घातलंय." पार्टिशन म्हणजे टांगलेलं गोणपाट.

जॉन मिस्त्रींनी टेप खिशात ठेवला आणि सरळ जमिनीवर आडवे झाले. डोकं दिवाणखान्याच्या भिंतीला, पाय स्वयंपाकघराच्या भिंतीला!

पडल्या पडल्याच म्हणाले, "गुरुजी, एक खोली लिवा. ती पन मी जरा लांब हाय म्हनून."

* * *

बाजारातल्या एका शेठने तर कमाल केली. "मास्तर, भाडं तुमचं कबूल," तो म्हणाला, "पण खिडकी खाडीवर उघडते. हवेचा चार्ज वेगळा हं."

खाली कोळणींनी बोंबील वाळत घातले होते. शेठ स्वतः नाकाला उपरणं लावून उभा होता.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "लावा की. मग या वासाचे किती कापायचे, तेही तुम्हीच सांगा."

शेठने नाकावरचं उपरणं न काढताच हवा फुकट करून टाकली.

* * *

मग राई गावच्या गंगूबाई. नवरा मुंबईला गोदीत कामाला गेला, तेव्हा लेक यमुनाला घेऊन त्या राईला पाटलांच्या खोलीत राहायला आल्या. पाटलांनी भाडं दुप्पट केलं आणि बाईंनी आमच्याकडे धाव घेतली.

आम्ही गेलो तर दारात रांगोळी, भिंतींना ताजा चुना, फळीवर शेजारपाजारची मागून आणलेली पितळी भांडी!

"गंगूबाई," गुरुजी म्हणाले, "या राजवाड्याचं भाडं मी कमी कसं करू?"

बाईंचा चेहरा उतरला. "कमेटी घरा येनार, मंग घर तसंच ठेवू काय?"

"भांडी ज्याची त्याला देऊन या. आम्ही तोवर छप्पर बघतो," गुरुजी म्हणाले. छपरातून आभाळ दिसत होतं, त्यामुळे भाडं उतरलं. निघताना माझं लक्ष पाटलांच्या नारायणकडे गेलं. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत चुन्याने पांढरे झाले होते. मालकाचा मुलगा भाडेकरूची भिंत रंगवतो, किती भला पोरगा, असं मला वाटलं.

* * *

पाटील खवळले. मालकाला घरच्या माणसांसाठी खोली लागली तर भाडेकरूने ती सोडायची, असा नियम होता. त्यांनी नेमका तोच धरला. "नारायणचं लगीन हाय. नव्या जोडप्याला खोली पायजे." गंगूबाईंना दुसरीकडे कुठेच थारा नव्हता.

आम्ही खात्री करायला गेलो, तर पाटलांनी दारात खरोखरच मांडवाची मेढ, म्हणजे पहिला खांब, रोवलेली! आणि राईत एकदा मेढ रोवली की लग्न लागल्याशिवाय ती उपटत नाहीत. आम्हाला दाखवण्याच्या घाईत पाटील एवढं विसरले.

मेढ दिसली म्हणून धवलारीण आपली आपण हजर झाली. तिकडे लग्न लागतं ते तिच्या गाण्यांवर. तिने बसकण मारली, पहिला सूर लावला आणि थांबली.

"पाटील, नवरीचं नाव सांगा. नावाबगर कशी गाऊ?"

मी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजी मेढेकडे पाहत होते. पाटलीणबाईही बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

"यमुना," नारायण म्हणाला.

"कनची यमुना?" पाटील ओरडले.

नारायणने समोर गंगूबाईंच्या खोलीकडे बोट केलं. यमुना चटकन दाराआड झाली. पाटलीणबाईंनी एकवार मेढेकडे पाहिलं आणि धवलारणीला म्हणाल्या, "गा गो बाय."

गुरुजींनी घसा साफ केला. "खोली मालकाच्या घरच्या माणसांना लागते, हे समितीला मान्य आहे."

गंगूबाई बोचकं घेऊन उंबऱ्यातच उभ्या होत्या. त्यांनी ते हळूच खाली ठेवलं.

"मंग गुरुजी," त्या म्हणाल्या, "विहीनबायनं खोली सोडायची, का न्हाय?"