हजार वर्षांचं झाकण

हसायचं असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. मागच्या खेपेला माझी ही फजिती ऐकताना एकाच्या शर्टाचं वाटोळं झालंय!

तर, मी संशोधक. विषय काय? अणुभट्टीतला किरणोत्सर्गी कचरा सिरॅमिकच्या डब्यात भरायचा आणि झाकण असं चिकटवायचं, की हजार वर्षं आतलं बाहेर येता कामा नये. तीन वर्षांत माझं एकही झाकण हजार मिनिटं टिकलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी. सरांनी शेवटचं बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत एक तरी न गळणारा सांधा दाखव, नाहीतर पीएचडी विसर."

तोंड पाडून गोरेगावला, आमच्या खेड्यात घरी आलो, तर आई कैरीचं लोणचं घालत होती. बहिणीला, सुमनला, सातवा महिना. साखरा गावात तिच्या सासरी बरणी पाठवायची होती.

"आई, मीठ किती ग्रॅम?"

"अंदाजानं."

"मोहरी?"

"तीबी अंदाजानं."

झालं! मोजमापावर मी अर्धा तास व्याख्यान झोडलं. नोंद नाही तर विज्ञान नाही, वगैरे वगैरे. आई फोडी कालवत होती.

"लई शिकलास बाबा," ती म्हणाली. "मंग एक काम कर. जीपमधी बरणी हिंदकळती, फडकं बांधलं तरी तेल सांडतंय. तुझं ते झाकण बसवून दे."

बॅगेत झाकण चिकटवायच्या माझ्या लेपाची पावडर होतीच. कालवली. पातळ झाली, म्हणून चुलीतली राख घातली. घट्ट वाटली, म्हणून पाणी शिंपडलं. झाकणाभोवती लेप थापला आणि सकाळी बरणी जीपनं रवाना.

दुपारी सुमनचा फोन. "दादा, बरणी उघडून न्हाई राहिली!"

"जोर लावा की."

"ह्यांनी लावला, मामंजींनी लावला. आता शेजारचे करीमचाचा हातोडी घेऊन आलेत."

मी ताडकन उठलो. "थेंबभर तरी गळलं का गं?"

"अरे, वाससुदिक येऊन न्हाई राहिला! मला लोणचं खायचंय, आन् तू गळायचं काहून पुसून राहिला?"

तेवढ्यात फोनमधून फट्ट आवाज आला. मग सुमनचं रडणं, आणि करीमचाचांचा आवाज, "बरनी गई बेटा, पर ढक्कन नहीं हिला!"

पोटुशी बहीण लोणच्यासाठी रडतेय आणि मी इकडे आनंदानं उड्या मारतोय! लाज वाटायला हवी होती. वाटली, पण दोन दिवसांनी.

साखऱ्याहून झाकणासकट बरणीचा गळा आणला आणि थेट लॅब गाठली. सरांनी तो यंत्रावर चढवला, दाब वाढवत नेला. सांधा ढिम्म! सरांनी मला चक्क मिठी मारली.

"शाब्बास! आता हाच लेप पुन्हा करायचा. वही काढ. राख किती घातली होतीस?"

मी वही उघडली. पान कोरं.

"अंदाजानं, सर."