बंद ऑफिसातला स्विच

स्विच घ्यायचा तर नवाच घे, असं मला सगळ्यांनी सांगितलं. नवा हाती यायला दोन महिने लागतील, हे मात्र त्यातल्या एकानेही सांगितलं नाही.

डिलाईल रोडवरच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत माझं ऑफिस आहे. लहान हॉस्पिटलांतले एक्स-रे आणि स्कॅन आमच्याकडे येतात, आमचे डॉक्टर ते पडद्यावर बघतात आणि रिपोर्ट परत पाठवतात. काम वाढलं तसा शेजारचा गाळा भाड्याने घेतला, टेबलं मांडली, माणसं बसवली. स्विच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी ज्यात येऊन खोचल्या जातात तो डबा, तेवढा जुनाच राहिला. मग त्याला दुसरा जोडला, दुसऱ्याला तिसरा. स्कॅन अर्ध्यावर येऊन थांबायला लागले. तिकडे पेशंट स्ट्रेचरवर आणि इकडे पडद्यावर अर्धीच छाती. मला बसवत नसे. उठायची, वायर काढून परत खोचायची, बसायची, की पुन्हा उठायची.

शेवटी रिफर्बिश्ड घ्यायचं ठरवलं. मोठ्या ऑफिसांतून निघालेले स्विच साफ करून, तपासून लॅमिंग्टन रोडवर विकतात. बाबा म्हणाले, मीपण येतो.

बाबा कापडगिरणीत साचेवाले होते, म्हणजे साच्यावर, मागावर, कापड विणायचे. गिरणी बंद झाल्यावर त्यांचे साचे ट्रकवर चढले, तेव्हा ते गेटबाहेर उभे होते. त्याबद्दल ते फार बोलत नाहीत, पण तो ट्रक कुठल्या बाजूला वळला ते अजून सांगतात. आई गेल्यापासून ते रोज लालबागहून चालत माझ्या ऑफिसात यायचे. दारापाशी खुर्ची टाकून पेपर वाचायचे आणि कोणी उशिरा आलं की चष्म्यावरून बघायचे. खंडेनवमीला आमच्या यंत्रांची पूजा करायचा मान त्यांचा. सकाळी उठून त्यांना जायला एक ठिकाण आहे, एवढ्यावर माझा जीव थाऱ्यावर असे. हे मी त्यांना कधी बोलले नाही.

पहिल्याच दुकानात बाबांनी विचारलं, "ये मशीन किधर से आया?"

"अंकल, बिनधास्त लेके जाओ," दुकानदार खुशीत म्हणाला. "कंपनी एक साल में बंद हो गयी. माल एकदम कोरा."

"और आदमी लोग?"

"कौन आदमी?"

"काम करनेवाला."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. बाबा जिना उतरायला लागले होते.

पुढच्या दुकानात तेच. त्याच्या पुढच्या दुकानातही तेच. जो तो कौतुकाने सांगायचा की कंपनी बुडाली, म्हणून यंत्र झिजलंच नाही. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून सांगत होते बिचारे, आणि प्रत्येक वेळी माझं गिऱ्हाईक जिना उतरत होतं.

"बंद पडलेल्या जागेचां मशीन आपणांक नको," बाबा फुटपाथवर म्हणाले.

"आपण थोडंच बंद पाडलंय ते?"

"आमचे साचे ज्यांनी घेतले, तेपण असांच म्हणाले असतले."

मला राग आला. तिकडे स्कॅन अडकलेत आणि हे दुकानदारांच्या मुलाखती घेत फिरतायत. फोन सारखा वाजत होता आणि प्रत्येक फोनला मी 'झालंच, निघालेच' म्हणत होते.

शेवटच्या दुकानात गल्ल्यावर एक बाई होत्या. त्यांनी स्विच टेबलावर ठेवून चालू केला. पंखे सुरू झाले तसं आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. त्यांनी एकेका खाचेत वायर घालून दिवा लागतो का ते दाखवलं. जुन्या मालकाचा पासवर्ड पुसल्याचं दाखवलं. पंखा खडखडला तर काय, वीजपुरवठ्याचा भाग गेला तर बदली मिळेल का, बंद पडलं तर परत घ्याल का, हे मी सगळं विचारून घेतलं. त्यांनी सरळ उत्तरं दिली. हाच घ्यायचा, हे माझ्या मनाने ठरवून टाकलं.

मग बाबांनी त्यांचा प्रश्न विचारला. बाईंनी खोटं बोलावं असं मला फार वाटलं. ऑफिस वाढलं म्हणून मोठा घेतला आणि हा विकला, एवढं एकच वाक्य.

"काका, कोणी वाढलं म्हणून विकतं, कोणी बंद पडलं म्हणून," त्या म्हणाल्या. "हा बंद पडलेल्यांचा आहे. तुम्हाला खोटं कशाला सांगू?"

मी तो घेतला. बाबांना टॅक्सीत बसा म्हटलं तर बसनं गेले. दुसऱ्या दिवशी दारापाशी त्यांची खुर्ची रिकामी होती.

स्विच उत्तम चालला. स्कॅन झरझर यायला लागले, डॉक्टरांची कुरकुर थांबली, सगळे खूश. मी आपली दाराकडे बघत होते. फोन केला तर म्हणायचे, पाय दुखतायत. मी लालबागला गेले तर त्यांनी चहा केला आणि शेजाऱ्यांच्या गळक्या नळाची हकीकत सांगितली. यंत्राचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. त्यांचीच मुलगी आहे मी. पण घरी आले तरी एका जागी बसवेना.

खंडेनवमी आली. कोणीतरी दादरहून झेंडू आणला. गिरणीत त्या दिवशी साचे थांबवून, पुसून मग कुंकू लावत. आमच्याकडेही तेवढा वेळ सगळं बंद झालं पाहिजे, असा बाबांचा दर वर्षीचा हट्ट, आणि मी हॉस्पिटलांना आधी कळवून ठेवायची. यंदाही कळवलं होतं. पूजा कोण करणार, असं कोणी मला विचारलं नाही. ताट घेऊन मीच स्विचपाशी गेले.

तेवढ्यात बाबा दारात दिसले. इस्त्रीचा शर्ट, हातात नारळ. ते थेट स्विचपाशी आले आणि त्यातून येणाऱ्या गरम वाऱ्यावर त्यांनी तळहात धरला. बराच वेळ धरला.

"त्या माणसांचां काय कळलां?"

"नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. मी ताट त्यांच्या हातात दिलं आणि बटण बंद करायला वाकले.

"बंद करू नको गो," ते म्हणाले. "एकदा बंद पडान इलां हा तां. चालूच रवांदे."

मी हात मागे घेतला. पंखे घोंघावत होते. बाबांनी तसंच कुंकू लावलं, नारळ ठेवला आणि दारापाशी जाऊन आपली खुर्ची झटकली.