नाव सरळ हवं

डोंबिवलीला आमच्या शेजारी राहणाऱ्या ताई एका कंपनीत टायपिस्ट होत्या. बोलताना सगळं दोनदा सांगायच्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बोटीवर काम करणाऱ्या त्यांच्या भावाने जपानहून एका चित्रकथेचे भाग आणले. ताईंना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण त्यातली आखूड केसांची, तलवार चालवणारी मुलगी त्यांना इतकी आवडली, की त्या तिचीच चित्रं काढत राहिल्या. त्यांच्या चित्रांत ती आमच्या गच्चीवर पापड राखायची, कावळ्यांवर तलवार उगारायची.

त्या चित्रांचं पुस्तक त्यांनी स्वखर्चाने ठाण्यात छापून घेतलं. प्रती आणायला मीही सोबत गेलेले. ताईंनी पहिलं पान उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. मूळ चित्रकाराचं नाव त्यांनी जपानी अक्षरांत हुबेहूब उतरवून दिलं होतं. ते उलटं छापलं गेलेलं.

"अहो ताई, इथे कोणाला कळणार आहे?" छापखानेवाले म्हणाले.

"मलाही वाचता येत नाही, नाहीच येत. पण नाव आहे ना ते कुणाचं तरी? त्यांच्यामुळे ही मुलगी मला भेटली."

त्यांनी नावाच्या पट्ट्या नव्याने छापून मागितल्या आणि तिथेच स्टुलावर बसून एकेका प्रतीत चिकटवू लागल्या. मी डिंक लावून देत होते. थोड्या वेळाने छापखानेवाले हात पुसत आमच्या शेजारी येऊन बसले. एक पट्टी उचलून त्यांनी फिरवून फिरवून निरखली आणि हळूच विचारलं, "ताई, वरची बाजू हीच ना?"