मावशींचा हात

भूमितीचे मास्तर शाळेतून निवृत्त झाले, पण त्यांचा संशय काही निवृत्त झाला नाही. दुधानं पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. आमचे हे न पोळताच पाणीसुद्धा फुंकतात, असं त्यांची बायको चारचौघांत सांगायची. गाडी घेऊन अकरा वर्षं झाली होती, आणि या अकरा वर्षांत मास्तरांखेरीज कुणाच्या हातानं तिला पाणी लागलं नव्हतं. दर रविवारी एक बादली, साबणाचं पाणी आणि जुन्या बनियनचं फडकं. गोल गोल घासत ते अख्खी गाडी लख्ख करायचे.

मग उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. तीन रविवार गाडी तशीच राहिली आणि काचेवर कुणीतरी बोटानं ‘अंघोळ घाला’ असं लिहून गेलं.

“अहो, द्या आता कुणाला तरी धुवायला,” बायको म्हणाली. “गाडी आहे ती, गुपित नाही. परवा लेकीकडे जायचंय, पाच तासांचा रस्ता. असलं ध्यान घेऊन उभे राहणार व्याह्यांच्या दारात?”

व्याह्यांचं नाव निघाल्यावर मास्तर उठले.

पहिल्या ठिकाणी ते गाडी लांब उभी करून, परीक्षेच्या वर्गात फिरावं तसे हात मागे बांधून बघत राहिले. धुणाऱ्यानं चाकं पुसली आणि त्याच फडक्यानं बॉनेट पुसायला घेतलं. मास्तर तिथूनच माघारी फिरले. दुसऱ्या ठिकाणी काउंटरवरचा म्हणाला, “चावी द्या आणि तासाभरानं या. आत थांबता येत नाही.”

“जिथं बघू देत नाहीत, तिथं बघण्यासारखं काहीतरी असतंच,” मास्तर पुटपुटले आणि चावी खिशात घालून निघाले.

तिसरं ठिकाण एका बंद गोदामाच्या मागं होतं. वर पत्र्याचं छप्पर, खाली ओली फरशी, कडेनं पाण्याची नाली. साठीच्या एक बाई बाह्या दुमडून उभ्या होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि मान हलवली.

“आत्ता नाही धुणार.”

“का?”

“तापलीय. गरम पत्र्यावर साबण वाळतो, डाग धरतो. तासभर सावलीत राहू दे. घाई असेल तर पुढच्या वळणावरचे लगेच धुऊन देतील.”

आलेलं गिऱ्हाईक आपणहून दुसऱ्याकडे धाडणारा माणूस मास्तरांनी जन्मात पाहिला नव्हता. ते निमूटपणे बाकावर बसले.

तासाभरानं मावशींनी काम सुरू केलं. आधी नुसतं पाणी, वरून खाली, धूळ आपसूक वाहून जाईपर्यंत. मग दोन बादल्या. एकीत साबण, दुसरीत साधं पाणी. हातातला मऊ मोजा एकदा फिरला की आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच साबणात. टप, काचा, बॉनेट, दारं, आणि दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी. चाकांसाठी बादली वेगळी, फडकं वेगळं. कुठं घाई नाही की आपटाआपटी नाही. मास्तर चुका शोधायला बसले होते. अर्ध्या तासात ते विसरूनच गेले की आपण काय शोधतोय.

गाडी पुसून झाल्यावर मावशींनी बॅटरीचा झोत दारावर धरला. रंगावर असंख्य बारीक वर्तुळं चमकली, एकात एक गुंतलेली.

“ही कशानं झाली?” मास्तरांनी विचारलं.

“धुणाऱ्याच्या हातानं. एकाच बादलीत फडकं बुडवत राहिलं की त्यातली वाळू पुन्हा गाडीवर फिरते.”

आयुष्यभर फळ्यावर वर्तुळं काढणाऱ्या मास्तरांनी आपल्याच गाडीवर अकरा वर्षं हजारो काढून ठेवली होती. ते हळूच म्हणाले, “घरी मीच धुतो.”

मावशी हसल्या नाहीत. “माया केलीत. जरा जास्त घासून केलीत, इतकंच.”

मग त्या बुटक्या स्टुलावर बसून चाकांकडे वळल्या. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला त्यांचा हात कोपरापर्यंत गेला आणि थांबला. त्यांनी डोळे मिटले. बोटं पुन्हा त्याच जागेवरून फिरली.

“लांब कुठं जाणार आहात?”

“परवा, लेकीकडे.”

“या टायरवर जाऊ नका. आतून फुगवटा आलाय.”

मास्तर वाकले, पण त्यांना काही दिसेना. मनातला संशय फणा काढून उभा राहिला. हिचं टायरवाल्याशी साटंलोटं असणार. ते सावधपणे म्हणाले, “कुणाला दाखवू? तुमच्या ओळखीचं आहे कुणी?”

“माझ्या कशाला? तुमच्या भरवशाचा असेल त्याला दाखवा. फक्त हळू चालवत न्या.”

मास्तरांचा पंक्चरवाला वीस वर्षांपासूनचा. त्यानं चाक काढून पालथं केलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला. टायरच्या आतल्या बाजूला लिंबाएवढा फोड होता, आतले धागे तुटलेले.

“मास्तर, हा भर वेगात फुटला असता तर...” त्यानं वाक्य अर्धंच सोडलं. “चाक न काढता हे दिसलं कुणाला?”

“दिसलं नाही. हाताला लागलं,” मास्तर म्हणाले. त्यांनी टायरांच्या ढिगावरच बसकण मारली.

दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन मावशींकडे गेले. बायकोनंच विचारलं, “हे कळतं तरी कसं हो तुम्हाला?”

मावशी फडकं पिळत होत्या. “सव्वीस वर्षं इस्पितळात होते, अंथरुणाला खिळलेल्यांना अंघोळ घालायला. अशा माणसाची जखम पाठीला सुरू होते, टाचेखाली सुरू होते. त्याला बोलता येत नाही आणि भेटायला येणारे तोंड बघून जातात. मग जिथं कुणी बघत नाही तिथं मी आधी हात फिरवायचे. नुसती कातडी गरम लागली तरी डॉक्टरांना हाक मारायची. नोकरी संपली, भावाची ही जागा होती, इथं आले. हाताची सवय काय सुटत नाही. गाड्या बऱ्या, कुरकुर करत नाहीत.”

मास्तर त्या हातांकडे बघत राहिले. पाण्यानं सुरकुतलेली बोटं, मुळापर्यंत कापलेली नखं. शेवटी ते म्हणाले, “मला शिकवाल? दोन बादल्यांचं?”

“खांदा सुधारू द्या. तोवर मी आहे.”

लेकीकडे ते नव्या टायरवर जाऊन आले. खांदा सुटल्यावर मास्तर पुन्हा घरी गाडी धुऊ लागले, दोन बादल्या घेऊन. पण महिन्यातून एकदा गाडी मावशींकडे जाते ती जातेच.

परवा असेच ते तिथं होते. त्यांची गाडी धुऊन झाली होती. पुढं पाववाल्याची व्हॅन लागली. ठिकठिकाणी चेपलेली, रंग उडालेली, दार तारेनं बांधलेलं. त्या खटाऱ्याच्या टपावर मावशींनी तळहात ठेवला, तापलीय का बघितलं, आणि तितक्याच सावकाश वरून पाणी सोडायला लागल्या. बायकोचा फोन आला, “अहो, किती वेळ?”

“निघालोच,” मास्तर म्हणाले आणि व्हॅनची चारही चाकं होईपर्यंत तिथंच उभे राहिले.