संहितेत नसलेलं वाक्य

त्या नाटकात मी प्रॉम्प्टर होते. विंगेत बसून संहितेच्या ओळीवर बोट ठेवायचं आणि कोणी अडलं की हळूच शब्द द्यायचा, एवढंच काम. मुलाची भूमिका दादाकडे होती. नाटकातल्या बापाला मुलगा साहेब व्हायला हवा असतो. शेवटच्या अंकात मुलगा त्याला सांगतो, मी हरलो.

तालमीत दादा नेमका तिथेच अडायचा. एरवी त्याचं पाठांतर पक्कं. मी शब्द द्यायची, तो नुसता माझ्याकडे बघत राहायचा. दिग्दर्शक वैतागायचे, "अरे, एवढंसं तर वाक्य!"  तो तिथेच का अडतो, ते मला कळायचं नाही.

दादा वर्षभर रोज सकाळच्या एसटीने फोंडाघाटहून कणकवलीला सरकारी ऑफिसात जात होता. तो परीक्षा पास झाला तेव्हा बाबांनी अख्ख्या बाजारात पेढे वाटले होते. काजूच्या बागेत राबून त्यांनी त्याला शिकवलं होतं. हल्ली मात्र दादाचा डबा तसाच परत यायचा. ऑफिसात नेमका कुठे बसतोस, असं आईने एकदा विचारलं, तर तो पानावरून उठला.

प्रयोगाला बाबा पहिल्या रांगेत होते. मुलाकडे बोट दाखवून शेजाऱ्याला सांगत होते, "तो माझो झील."

शेवटचा अंक आला. दादा थांबला. मी शब्द दिला, दोनदा दिला. समोरच्या नटाकडे पाठ करून तो प्रेक्षकांकडे वळला.

"बाबा, मी पास जावकच नाय. माका नोकरी लागूकच नाय. रोज स्टँडार बसतंय आणि सांजेक घरी येतंय."

संहितेत यातलं काहीच नव्हतं. लोकांना वाटलं, नट मालवणीत रंगला. टाळ्या पडल्या. बाबांचे हात मांडीवरच होते.

पडदा पडल्यावर ते विंगेत माझ्याकडे आले. "गो, ह्या नाटकात लिवलेला आसा?"

होय म्हणणं सोपं होतं. दादाही माझ्याकडेच बघत होता.

"नाय, बाबा."

ते कपड्यांच्या ट्रंकेवर बसले. दादाला म्हणाले, "इतको भियतस तू माका?"

दादा रंग पुसत राहिला.

त्यानंतर बाबांनी बाजारात जाणं सोडलं. पंधरवड्यात दादा गोव्याला एका हॉटेलात कामाला लागला. त्याचा फोन आईला येतो. परवा तिने तो बाबांच्या हातात दिला. त्यांनी कानाला लावला, बराच वेळ ऐकलं, आणि तसाच आईच्या हातात परत दिला.